खून किती सेकंदांचा असावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आणि तुमच्या दोन मित्रांनी स्वखर्चाने १८ मिनिटांचा एक स्लॅशर (मारेकरी एकेकाला गाठून मारतो त्या प्रकारचा) लघुपट केला आहे. दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या पडलेल्या वसतिगृहात चौघे जण मागे राहतात, मुखवटा घातलेला एक इसम आत शिरतो आणि पहाटेपर्यंत तिघांचा खून होतो. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी ‘हिंसा अनाठायी आहे’ एवढ्या एका ओळीवर तो बाजूला ठेवला. तुमचे म्हणणे असे की, ज्या चित्रपटाला प्रेक्षक खून पाहायलाच येतो त्यातल्या हिंसेला अनाठायी म्हणणे म्हणजे तमाशात लावणी फार झाली अशी तक्रार करण्यासारखे आहे. आणि तरीही कापायचेच असेल तर नेमके किती कापावे, हे कोणीतरी सांगावे.

मी गेली २३ वर्षे चित्रपट संकलनाचे (एडिटिंगचे) काम करतो. त्यातले बहुतेक मालिकांचे आणि कौटुंबिक चित्रपटांचे. पण कमी खर्चात झालेले पाच भयपट माझ्या टेबलावरून गेले आहेत आणि त्यांपैकी दोन निव्वळ स्लॅशर होते. लघुपट न पाहता उत्तर देणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे आहे, याची मला जाणीव आहे. मात्र तुम्ही तिन्ही खुनांची लांबी लिहिली आहे, आणि संकलकाला तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते. पहिला मुलगा गच्चीवर, १२ सेकंद. दुसरा मुलगा जिन्यात, २० सेकंद. तिसरी मुलगी स्वयंपाकघरात, १ मिनिट ५० सेकंद, सुरीचे नऊ वार. या आकड्यांकडे मी नंतर येतो. आधी तुमच्या लावणीच्या युक्तिवादाबद्दल बोलू.

तो युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. ‘कथेला गरज नव्हती’ ही कसोटी या चित्रप्रकाराला लागूच पडत नाही, कारण इथे बहुतेक वेळा खून आधी सुचतात आणि कथा त्यांच्याभोवती गुंडाळली जाते. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची जाहिरात १९७९ मध्ये ‘व्हरायटी’ या चित्रपटधंद्याच्या पत्रात दिली, तेव्हा त्यांच्याकडे नाव होते, पटकथा तयार नव्हती. पुढच्या वर्षी आलेला तो चित्रपट सुमारे साडेपाच लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने एकट्या अमेरिकेत जवळपास चार कोटी डॉलर मिळवले. असल्या चित्रपटाला ‘हा खून कथेसाठी आवश्यक होता का’ असे विचारणे व्यर्थ आहे. तिथे माल खुनाचा आहे आणि कथा हे त्याचे वेष्टन आहे. आपल्याकडे १९९१ साली केंद्र सरकारने चित्रपट प्रमाणनासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भयाची दृश्ये नकोत, असे म्हटले आहे; आणि मुख्यतः करमणुकीसाठी घातलेली हिंसाही नको, असे त्याच वाक्यात पुढे आहे. हा दुसरा भाग शब्दशः लावला तर स्लॅशर नावाचा प्रकारच शिल्लक राहत नाही. पहिला भाग मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण ‘टाळता येण्याजोगी’ म्हणजे काय, हा प्रश्न संकलकाला रोज पडतो.

मी स्वतः वापरतो ती कसोटी अशी: या क्षणी प्रेक्षकाच्या मनात काही बदलते आहे का? पहिला वार बसतो तेव्हा त्याला धक्का बसतो. दुसऱ्या वाराने त्याची खात्री होते की हा माणूस वाचणार नाही. तिसऱ्या वारापासून तो मेकअप तपासू लागतो: रक्त फार लाल आहे, सुरीचे पाते आत सरकते आहे, ती मुलगी अजून श्वास घेते आहे. हे मी तर्काने सांगत नाही. माझ्या पहिल्या स्लॅशरमध्ये एका खुनाला अकरा वार होते, दिग्दर्शकाला एकही सोडवत नव्हता, आणि ओळखीच्या तीसेक जणांसाठी ठेवलेल्या खेळात चौथ्या वाराला मागच्या रांगेतून हसू आले. सहाव्याला सगळेच हसले. दिग्दर्शक बिचारा अंधारात मान खाली घालून बसला होता. त्या अकरांपैकी सात वार आम्ही काढले, पण ते अश्लील होते किंवा समाजावर वाईट परिणाम करतील म्हणून नव्हे. (चित्रपटातली हिंसा पाहून माणूस हिंसक होतो का, हा वाद मोठा आहे आणि तो माझ्या टेबलावरचा नाही; त्यात मी शिरत नाही.) ते काढले, कारण त्या सात वारांमध्ये प्रेक्षकाला देण्यासारखे आमच्याकडे काहीच उरले नव्हते.

आता रक्ताच्या प्रमाणाविषयी. अनाठायीपणा रक्ताच्या लिटरवर मोजता येतो, हा समज परीक्षकांमध्येही असतो आणि तुमच्यासारख्या नव्या दिग्दर्शकांमध्येही. हिचकॉक यांचा १९६० चा ‘सायको’ सगळ्यांना ठाऊक आहे. स्नानगृहातला तो खून चित्रित करायला आठवडा लागला आणि पडद्यावर तो पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो. कृष्णधवल चित्रपटात रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले आणि सुरीचा आवाज खरबुजासारख्या फळात सुरी खुपसून मिळवला, हेही बहुतेकांना माहीत असते. संकलनाच्या विद्यार्थ्यांना ते बारीक बारीक तुकडे मोजायला लावतात, आणि ते योग्यच आहे. पण मला त्या दृश्याचे मोल पुढच्या भागात जास्त वाटते. खून झाल्यावर चित्रपट पळून जात नाही. पाणी मोरीत वाहत राहते, उघडा डोळा दिसतो, आणि मग मोटेल चालवणारा नॉर्मन येऊन सगळे साफ करतो: हात धुतो, फरशी पुसतो, स्नानगृहाच्या पडद्यात देह गुंडाळतो, सामान गाडीत भरतो, गाडी दलदलीत ढकलतो. हे सगळे कितीतरी मिनिटे चालते. एक माणूस मेला तर मागे इतके काम उरते, हे त्या साफसफाईने कळते, आणि मरणाला वजन येते. खुनाची पाऊण मिनिटे आणि त्यानंतरची ती लांबलचक शांतता एकत्र धरली तरच ते दृश्य पूर्ण होते.

‘हॅलोविन’ (१९७८) तुम्ही पाहिला असेलच. जॉन कार्पेंटर यांनी तो सुमारे तीन लाख डॉलरमध्ये केला आणि त्यात रक्त जवळजवळ नाहीच. त्यातला एक खून तुमच्यासारखाच स्वयंपाकघरात होतो. बिअर आणायला खाली आलेल्या तरुणाला मारेकरी सुरीने जागीच खिळवतो, एका वारात. मग दोन पावले मागे सरून तो त्याच्याकडे पाहत उभा राहतो आणि मान हळूच एका बाजूला कलती करतो, पुन्हा दुसऱ्या बाजूला. भिंतीवर टांगलेली तसबीर सरळ लागली आहे की नाही हे बघावे तशी. अंगावर काटा येतो तो त्या मानेमुळे. संकलकाने मुळात वारावरच कट केला असता, तर एक साधा खून उरला असता.

टोबी हूपर यांच्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ची (१९७४) गोष्ट याहून बोलकी आहे. नाव ऐकून रक्ताचे पाट डोळ्यांपुढे येतात, पण पडद्यावर प्रत्यक्ष जखम अगदी थोडी दिसते. हूपर यांना तर मुलांनाही पालकांबरोबर पाहता येईल असे प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती. पहिला खून आठवा. दारात अचानक एक धिप्पाड माणूस उभा राहतो, हातोड्याचा घाव, जमिनीवर थरथरणारे पाय, देह आत ओढला जातो आणि लोखंडी सरकते दार धाडकन बंद होते. संपले. ब्रिटनच्या चित्रपट मंडळाने १९७५ मध्ये त्याला प्रमाणपत्र नाकारले आणि देशभर दाखवण्यासाठी ते मिळायला १९९९ उजाडले. तिथे अडचण ही होती की कात्री चालवून प्रश्न सुटेना. भीती दोन-चार दृश्यांत साठवलेली नव्हती, सगळ्या चित्रपटभर पसरली होती. रक्त कमी केल्याने हिंसा कमी होत नाही, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

म्हणून रक्त दाखवूच नये, असा निष्कर्ष तुम्ही काढलात तर तोही चुकेल. रक्ताची एक वेगळी, जादूच्या प्रयोगासारखी मौज असते, आणि ती नाकारण्यात दांभिकपणा आहे. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये पलंगावर पडलेल्या केव्हिन बेकनच्या कपाळावर खालून आलेला हात येतो आणि बाणाचे टोक त्याच्या गळ्यातून वर निघते. मेकअप करणारे टॉम सॅव्हिनी यांनी ते कसे केले, ते पाहा: नट पलंगाखाली गुडघ्यांवर बसला होता, त्याचे डोके तेवढे गादीतल्या भोकातून वर काढलेले, आणि गळ्यापासून खालचे सगळे अंग खोटे. ऐन टेकला रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तेव्हा सॅव्हिनींच्या सहायकाने ती तोंडात धरून फुंकली आणि म्हणून रक्त तसे बुडबुडत आले. खोटे अंग एकच असल्याने दुसरा टेक शक्य नव्हता. प्रेक्षक हे पाहून दचकतो, आणि लगेच ‘कसे केले असेल’ म्हणून खूश होतो. पॅरिसच्या ग्रां गिन्योल नाट्यगृहात १८९७ पासून १९६२ पर्यंत लोक याच मौजेसाठी तिकीट काढून जात. अलीकडचे उदाहरण द्यायचे, तर २०२४ चा ‘टेरिफायर ३’ अमेरिकेत प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित झाला आणि सुमारे २० लाख डॉलरच्या त्या चित्रपटाने जगभरात ९ कोटींच्या आसपास मिळवले. मला स्वतःला तो फार आवडत नाही, मी त्याचे काम घेतलेही नसते. पण अतिरेक हाच आपला खेळ आहे, हे तो पहिल्या दृश्यापासून उघड सांगतो, आणि आलेल्या प्रेक्षकाची फसवणूक करत नाही. जादूच्या प्रयोगाला एकच अट असते. करामत झाली की पडदा पडला पाहिजे. तीच टोपी पुन्हा पुन्हा उलटी करून दाखवली की लोक सशाऐवजी टोपीचा तळ बघतात.

कात्रीच्या बाजूनेही एक उदाहरण द्यायला हवे. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेच्या १९८८ मधल्या सातव्या भागात मारेकरी एका मुलीला स्लीपिंग बॅगसकट उचलून झाडावर आपटतो. मूळ चित्रीकरणात तो अनेकदा आपटतो. प्रमाणपत्रासाठी काटछाट होऊन एकच आपट शिल्लक राहिली, आणि त्या मालिकेच्या चाहत्यांना आज त्या भागातले तेच दृश्य सर्वांत जास्त आठवते. मात्र त्याच चित्रपटातले इतर खून त्याच कात्रीने इतके छाटले गेले की कोण कशाने मेले, हेही धड कळत नाही. तेव्हा ‘कापले की सुधारते’ हा नियम करू नका.

मी स्वतः या बाबतीत एकदा चांगलाच चुकलो आहे. माझ्या दुसऱ्या स्लॅशरमध्ये कर्जतजवळच्या एका फार्महाउसवरच्या रखवालदाराचा खून होता. अकरा वारांचे हसे डोक्यात ताजे होते, म्हणून मी तो खून स्वच्छ कापला: सावली, एक घाव, आणि पुढच्या कटला बंगल्यातली नाचणारी मंडळी. मला तो कट फार देखणा वाटत होता. खेळ संपल्यावर निर्मात्यांच्या मावशींनी विचारले, “त्या वॉचमनचं पुढे काय झालं हो?” तो मेला, हेच त्यांना कळले नव्हते, किंवा कळून लक्षात राहण्याइतके ते आम्ही महत्त्वाचे केले नव्हते. मी रशेस (न कापलेले मूळ चित्रीकरण) पुन्हा काढले. त्यात सकाळचा एक तुकडा होता, मी निरुपयोगी म्हणून टाकलेला: स्वयंपाक्याचा पोरगा चहाचा कप घेऊन येतो, केबिनबाहेर काढून ठेवलेल्या चपला बघतो, “काका, चहा” अशी दोनदा हाक मारतो, कप कठड्यावर ठेवतो आणि निघून जातो. नऊ सेकंद. ते परत लावले, आणि पुढच्या खेळात त्या जागी खुर्च्यांचीही करकर ऐकू आली नाही. रक्ताचा एक थेंबही वाढला नव्हता. आधीची माझी स्वच्छ कापणीच खरे तर अनाठायी होती, कारण तिच्यात एक माणूस केवळ मोजणी वाढवायला मेला होता.

इथवरचे एकत्र बांधायचे, तर एखादे हिंसक दृश्य समोर आले की मी तीन गोष्टी पाहतो: वारापूर्वी मरणारा माणूस आपल्याला कितपत ओळखीचा झाला आहे, वार चालू असताना आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत, आणि वारानंतर चित्रपट किती वेळ थांबतो. आपल्या जुन्या नाट्यविचारात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भय येऊ घातलेल्या गोष्टीचे असते आणि किळस समोर येऊन पडलेल्या गोष्टीची. बहुतेक स्लॅशर गडबडतात ते इथे: भय म्हणून जे विकायला काढलेले असते, त्यात वार बसल्यावर पुढे सगळी जुगुप्साच उरते. किळस वाईट, असे मी म्हणत नाही, पण ती फार लवकर बोथट होते. भय ताणता येते, किळस ताणली की कंटाळा येतो.

आता तुमचे आकडे. १२, २० आणि ११० सेकंद. दोन मुलगे मिळून जितका वेळ घेतात, त्याच्या जवळजवळ साडेतीन पट वेळ एकटी मुलगी मरते आहे, आणि तुम्ही लिहिता त्याप्रमाणे त्यातला बराचसा भाग कॅमेरा मारेकऱ्याच्या खांद्यावरून आहे. माझा अंदाज असा की परीक्षकांना खटकले ते हे. त्यांना ते नीट मांडता आले नाही किंवा मांडायला वेळ नव्हता. हा आक्षेप नवा नाही. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकांनी १९८० मध्ये आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक अख्खा भाग यावरच केला होता: या चित्रपटांत कॅमेरा मारेकऱ्याच्या जागी उभा राहतो आणि प्रेक्षकाला बाईच्या मागे धावायला लावतो. आणि तरीही ‘हॅलोविन’ त्यांना आवडला होता. म्हणजे त्यांचे भांडण साऱ्या चित्रप्रकाराशी नव्हते. पुढे कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ च्या आपल्या निबंधात याची दुसरी बाजू मांडली की, सुरुवातीला मारेकऱ्याच्या नजरेने पाहणारा प्रेक्षक शेवटाकडे जगून राहिलेल्या मुलीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. ‘फायनल गर्ल’ हा शब्द त्यांचाच. तुमच्या लघुपटात जगून राहणारा चौथा जण मुलगा आहे, म्हणजे तो बदल होण्याची सोयही तुम्ही ठेवलेली नाही. तुम्ही हे मुद्दाम केले, असे मला मुळीच वाटत नाही. बहुधा ती मुलगी चांगली अभिनेत्री असेल, मेकअप तिच्यावरच सर्वांत चांगला जमला असेल, आणि आलेले सगळे चांगले टेक तुम्ही वापरले असतील. ही चूक आम्ही सगळ्यांनी केली आहे.

तेव्हा किती कापावे, याचे माझे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्हालाच ठाऊक. लघुपट भयपटांच्या खास महोत्सवाला पाठवणार असाल, तर तिथला प्रेक्षक रक्ताला सरावलेला असतो. सर्वसाधारण स्पर्धेला पाठवणार असाल, तर नसतो. चित्रपटगृहात लावायचा, तर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. ओटीटीवर द्यायचा, तर वयोगट ठरवण्याची जबाबदारी आधी त्या सेवेकडे जाते. पण स्वयंपाकघराचे दृश्य या सगळ्यांआधी दुरुस्त करावे लागेल, आणि मी असतो तर सुरुवात अशी केली असती. आधी ते दृश्य आवाज बंद करून पाहिले असते, मग डोळे मिटून फक्त ऐकले असते. बहुतेक वेळा लक्षात येते की नऊ वारांपैकी पाचेक वार आवाजाने आधीच सांगून झाले आहेत आणि चित्र तेच पुन्हा सांगते आहे. पहिला आणि दुसरा वार ठेवा. तिसऱ्याला कॅमेरा तिच्यावरून काढून ओट्यावर आणा. तुम्ही लिहिले आहे की ती पाणी प्यायला आली होती, म्हणजे तिथे पेला असेल, नळ असेल. बाकीचे वार दाराबाहेरून ऐकू द्या, दोन किंवा तीन, आणि शेवटचा अनपेक्षित उशिराने. कोबीचा गड्डा आणि ओले फडके घेऊन एका संध्याकाळी हे आवाज तुम्हाला घरीच करता येतील.

यातून तुमचे साठ-सत्तर सेकंद वाचतील. त्यातले वीस तिला आधी द्या, ती स्वयंपाकघरात एकटी असताना. तिने घरी फोन करावा, असले काही नको. ते लगेच ओळखू येते. ती डबे उघडून कुठे काही खायला राहिले आहे का बघते, एवढे पुरे. पंधरा सेकंद त्या चौथ्या मुलाला द्या, पहाटे तो तिथे येतो तेव्हा. तो किंचाळतो की नाही, याची मला उत्सुकता नाही. तो चालू राहिलेला नळ बंद करतो का, हे मला पाहायला आवडेल. उरलेला वेळ खुशाल काढून टाका, साडेसतरा मिनिटांचा लघुपट १८ मिनिटांच्या लघुपटापेक्षा कोणालाही बराच वाटतो.

आणि नऊ वारांची मूळ टाइमलाइन पुसू नका. वेगळ्या नावाने ठेवून द्या. दाराबाहेरून ऐकू येणाऱ्या वारांसाठी त्या मुलीच्या श्वासाचे खरे आवाज तुम्हाला त्या टेकमधूनच उचलावे लागतील.